धाकट्याच्या प्रवेशाची तारीख हुकली तर

इंग्लंडमध्ये थोरलं मूल ज्या सरकारी शाळेत जातं, तिथे धाकट्याला आपोआप जागा मिळत नाही. त्याच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि प्राथमिक शाळेसाठी त्याची शेवटची तारीख १५ जानेवारी असते. भारतातून आलेल्या कुटुंबांची इथे हमखास गफलत होते. महाराष्ट्रातल्या अनेक खासगी शाळांत कार्यालयात जाऊन सांगितलं, की पाठच्या भावंडाचं काम मार्गी लागतं. इथे प्रवेशाची सूत्रं काउन्सिलकडे, म्हणजे आपल्या भागाच्या स्थानिक प्रशासनाकडे असतात. शाळेतल्या बाई धाकट्याला नावानं ओळखत असतील, तो त्याच शाळेच्या नर्सरीत जात असेल, तरी अर्ज नसेल तर काउन्सिलच्या यादीत त्याचं नाव नसतं.

तारीख उलटून गेल्याचं लक्षात आलं, की पोटात गोळा येतो. दोन मुलं, दोन शाळा, सकाळी पावणेनऊला दोन्हीकडे कसं पोहोचायचं, हे सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहतं. म्हणून सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगायला हवी. उशिरा अर्ज केल्यानं पहिल्या वाटपातली पाळी जाते, पण भावंड म्हणून असलेला प्राधान्यक्रम जात नाही. तो पुढे वेटिंग लिस्टमध्ये उपयोगी पडतो. तिथपर्यंत नीट पोहोचण्यासाठी काय करायचं, ते आता टप्प्याटप्प्यानं पाहू.

हे नियम इंग्लंडपुरते आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमधली पद्धत वेगळी आहे.

पहिला टप्पा: खरंच उशीर झाला आहे का?

मूल चार वर्षांचं झालं, की त्यानंतर येणाऱ्या सप्टेंबरमध्ये ते रिसेप्शनला जातं. रिसेप्शन म्हणजे इथल्या शाळेतला पहिला वर्ग, ‘इयर वन’च्या आधीचं वर्ष. उदाहरणार्थ, १ सप्टेंबर २०२२ ते ३१ ऑगस्ट २०२३ या काळात जन्मलेली मुलं सप्टेंबर २०२७ मध्ये रिसेप्शनला जातील. त्यांच्यासाठी शेवटची तारीख १५ जानेवारी २०२७.

ऑगस्टअखेरीस जन्मलेल्या मुलांबाबत हा हिशेब फार चुकतो. वाढदिवसाला अजून सात-आठ महिने आहेत, आत्ताच कसला अर्ज, असं वाटतं आणि तेवढ्यात जानेवारी निघून जातो. त्यामुळे जन्मतारीख समोर ठेवून एकदा वर्ष पक्कं करावं. काहींच्या बाबतीत तारीख हुकलेली नसते, त्यांनी फक्त वर्ष चुकीचं धरलेलं असतं.

अर्ज भरला होता पण पोहोचला नाही, असंही पुष्कळदा घडतं. ऑनलाइन अर्जात माहिती साठवणं आणि अर्ज सादर करणं या दोन वेगळ्या क्रिया असतात. शेवटचं ‘सबमिट’ बटण दाबलं नसेल तर अर्ज झालाच नाही, असं धरलं जातं. पोचपावतीचा ईमेल शोधून पाहावा. तो स्पॅममध्ये सापडला तर मोठी काळजी मिटली. कुठेच नसेल तर पुढच्या टप्प्याला लागावं.

दुसरा टप्पा: त्याच दिवशी अर्ज

उशीर झालाच आहे, मग आठवड्याभरानं केला तरी काय फरक पडतो, असं मनात येतं. फरक पडतो. काउन्सिल उशिरा आलेले अर्जही टप्प्यांत हाताळते आणि प्रत्येक टप्प्याला स्वतःची तारीख असते. ती प्रत्येक काउन्सिलची वेगळी असते, म्हणून वेबसाइटवर उशिरा येणाऱ्या अर्जांबद्दलचा भाग शोधून वाचावा.

अर्ज आपण राहतो त्या काउन्सिलकडे करायचा, शाळा ज्या काउन्सिलच्या हद्दीत आहे तिच्याकडे नव्हे. हद्दीजवळ राहणाऱ्यांची इथे गल्लत होते. ऑनलाइन खिडकी बंद असेल तर काउन्सिलच्या प्रवेश विभागाला फोन करून उशिराच्या अर्जाचा नमुना मागवून घ्यावा. लंडनमध्ये ‘ईॲडमिशन्स’ नावाची सामाईक वेबसाइट आहे. तिथे अर्ज घेतला जात नसेल, तरी आपली बरो, म्हणजे लंडनमधली आपली काउन्सिल, पुढचा मार्ग सांगते.

या दिवसांत बरेच पालक थेट मुख्याध्यापकांना भेटायला धावतात. भेटायला हरकत नाही, पण त्यातून जागा मिळेल अशी आशा धरू नये. जागा प्रसिद्ध केलेल्या निकषांनुसारच द्यायच्या असतात आणि ते बाजूला सारण्याची मुभा मुख्याध्यापकांना नसते. शाळेच्या कार्यालयातून प्रवेशाचे नियम मात्र जरूर मागून घ्यावेत. पुढे त्यांचाच आधार लागतो.

व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबांना आणखी एक धास्ती असते. व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही अशी अट लिहिलेली असते, मग सरकारी शाळेचा अर्ज चालेल का? चालतो. सरकारी शाळेतलं शिक्षण त्या अटीतल्या सार्वजनिक निधीत मोडत नाही.

तिसरा टप्पा: भावंडाची नोंद

सगळ्यात जास्त काळजी इथे घ्यायची. जागांपेक्षा अर्ज जास्त आले, तर कुणाला आधी घ्यायचं याचा क्रम प्रत्येक शाळेनं जाहीर केलेला असतो. त्याला ‘ओव्हरसब्स्क्रिप्शन क्रायटेरिया’ म्हणतात, म्हणजेच प्राधान्याचे निकष. विशेष शैक्षणिक गरजांच्या अधिकृत योजनेत ज्या मुलासाठी त्या शाळेचं नाव लिहिलेलं असतं, त्याला जागा द्यावीच लागते. त्यानंतर काउन्सिलच्या देखरेखीखाली असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या मुलांचा क्रम लागतो. भावंड आणि घरापासूनचं अंतर हे निकष बहुतेक प्राथमिक शाळांत पुढे येतात, पण त्यांचा क्रम शाळेगणिक बदलतो.

अर्जात भावंडासाठी वेगळा रकाना असतो. तिथे थोरल्याचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि शाळा लिहावी. नाव शाळेच्या नोंदीत जसं आहे तसंच लिहावं. आपल्याकडे वडिलांचं नाव कधी मधलं नाव म्हणून लागतं, कधी गळतं, आणि दोन भावंडांची आडनावंही कागदोपत्री वेगळ्या स्पेलिंगची निघतात. नोंद जुळली नाही तर भावंडाचा निकष लागू न होण्याची भीती असते.

‘भावंड’ कुणाला म्हणायचं हेही शाळेनं आपल्या नियमांत स्पष्ट लिहिणं बंधनकारक आहे. सावत्र किंवा दत्तक भावंडं, एकाच घरात कायम राहणारी इतर मुलं, शाळा सोडून गेलेलं थोरलं भावंड, यांतलं कोण धरलं जातं ते शाळेनुसार ठरतं. एकत्र राहणाऱ्या चुलत भावंडांना अनेक ठिकाणी हा लाभ नसतो.

तीन ठिकाणी पालकांची फसगत होते. थोरलं मूल यंदा सहावीत, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात असेल, तर धाकटा येईपर्यंत ते बाहेर पडलेलं असतं. बऱ्याच शाळांची अट अशी असते, की धाकटा दाखल होताना थोरलं तिथे शिकत असावं. दुसरं, मोठं भावंड फक्त त्या शाळेच्या नर्सरीत असेल तर अनेक शाळा ते धरत नाहीत. तिसरं, थोरल्याच्या प्रवेशानंतर आपण घर बदललं असेल, तर काही शाळांत ठरावीक अंतरापलीकडे राहणाऱ्या भावंडांचा क्रम खाली जातो.

चौथा टप्पा: बाकीच्या पसंती

‘आम्हाला तीच शाळा हवी आहे, म्हणून तेवढं एकच नाव लिहिलं,’ असं अनेक जण सांगतात. त्यामुळे आपली बाजू मुळीच बळकट होत नाही. आपण कितव्या पसंतीवर नाव लिहिलं आहे ते शाळेला विचारात घेता येत नाही. शाळा फक्त आपले निकष लावते. एकाहून अधिक शाळांत जागा निघाली, तर आपल्या यादीत वर असलेल्या शाळेची जागा काउन्सिल देऊ करते.

प्रत्येक काउन्सिल किमान तीन पसंती लिहू देते आणि लंडनमध्ये सहापर्यंत लिहिता येतात. थोरल्याची शाळा पहिल्या क्रमांकावर ठेवावी आणि बाकीच्या जागी चालत जाण्याजोग्या, जिथे जागा शिल्लक असण्याची शक्यता आहे अशा शाळा लिहाव्यात. रकाने रिकामे ठेवले आणि पहिली शाळा मिळाली नाही, तर जिथे जागा असेल तिथलं नाव काउन्सिल सुचवते. ती शाळा दूरची असू शकते.

शाळा चर्चशी किंवा अन्य धर्मसंस्थेशी जोडलेली असेल, तर ‘सप्लिमेंटरी इन्फर्मेशन फॉर्म’ नावाचा पुरवणी अर्जही लागू शकतो. तो बहुधा थेट शाळेकडे द्यायचा असतो. थोरल्याच्या वेळी दिला होता म्हणून धाकट्यासाठी तोच चालत नाही.

लवकर जागा मिळावी म्हणून जवळच्या एखाद्या परिचिताचा पत्ता देण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो मुळीच ऐकू नये. खोट्या माहितीवर मिळालेली जागा काढून घेता येते आणि मग मुलाचीच फरफट होते.

पाचवा टप्पा: उशिराचं कारण

सबळ कारण असेल तर काही काउन्सिल उशिरा आलेला अर्जही वेळेत आल्यासारखा धरतात, पण त्यासाठी तो ठरावीक तारखेच्या आत आणि पुराव्यासह पोहोचावा लागतो. घरातलं गंभीर आजारपण, जवळच्या माणसाचा मृत्यू, नुकतंच त्या भागात राहायला येणं, अशी कारणं साधारणपणे विचारात घेतली जातात.

अर्जाच्या काळात वडिलांच्या निधनामुळे आपल्याला अचानक भारतात जावं लागलं असेल, तर विमानाची तिकिटं आणि मृत्यूचा दाखला जोडावा. दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत द्यावं. पत्र एका पानाचं असावं. काय घडलं, कोणत्या तारखांना घडलं आणि त्यामुळे अर्ज का राहिला, एवढंच लिहावं.

भावंड असल्यानं आपोआप प्रवेश मिळेल असं वाटलं, हे कारण सहसा मान्य होत नाही. तेच खरं कारण असेल तर तसं सांगावं, त्यावर फार भिस्त ठेवू नये आणि पुढच्या टप्प्यांकडे लक्ष द्यावं.

सहावा टप्पा: १६ एप्रिल आणि हातातली जागा

प्राथमिक शाळांची जागावाटपाची पत्रं १६ एप्रिलला निघतात, त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. वेळेत आलेल्या सगळ्या अर्जांचा विचार आधी होतो. समजा, शाळेत ६० जागा आहेत. त्या सगळ्या वेळेत अर्ज करणाऱ्यांनी भरल्या, तर ज्यांचं एकही भावंड तिथे नाही आणि जे आपल्यापेक्षा लांब राहतात, अशांनाही जागा मिळून जाते. हे पाहून जीव तुटतो, पण नियमाप्रमाणे ते बरोबर असतं. उशिराच्या अर्जदारांना त्यानंतर उरलेल्या जागांमधून कळवलं जातं.

आपल्याला दुसरीच कुठली शाळा देऊ केली, तर ती दिलेल्या मुदतीत स्वीकारावी. ‘ही घेतली तर हवी असलेली शाळा हातची जाईल,’ या समजुतीनं पुष्कळ पालक जागा नाकारतात आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्या हाती काहीच राहत नाही. जागा स्वीकारल्यानं वेटिंग लिस्टवरचा आपला क्रमांक जराही बदलत नाही.

सातवा टप्पा: वेटिंग लिस्ट

भावंडाचा प्राधान्यक्रम खऱ्या अर्थानं इथे कामाला येतो. रेल्वेच्या वेटिंग लिस्टमध्ये आधी तिकीट काढणारा पुढे असतो आणि आपला क्रमांक फक्त वर सरकतो. शाळेची यादी तशी नसते. स्कूल ॲडमिशन्स कोड, म्हणजे सगळ्या सरकारी शाळांना बंधनकारक असलेली प्रवेश नियमावली, सांगते की ही यादी प्राधान्याच्या निकषांनुसारच लावायची. नाव कधी घातलं, किती दिवस वाट पाहिली, हे पाहायचं नाही.

म्हणजे एप्रिलपासून यादीत असलेल्या, भावंड नसलेल्या मुलाच्या वर मे महिन्यात आलेलं भावंड लागू शकतं. यादीत फार थोडी भावंडं असतात, कारण वेळेत अर्ज केलेल्या बहुतेक भावंडांना जागा मिळून गेलेली असते. त्यामुळे आपलं मूल वरच्या काही क्रमांकांत येण्याची शक्यता चांगली असते. याची दुसरी बाजूही माहीत असावी. आपल्याहून वरच्या निकषातलं कुणी नंतर आलं, तर आपला क्रमांक खालीही जातो. त्याचा अर्थ कुणी चूक केली असा होत नाही.

काउन्सिलला फोन करताना तीन प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत. आमच्या मुलाचं नाव यादीत आहे का? ते भावंडाच्या निकषाखाली नोंदवलं आहे का? आणि सध्या क्रमांक कितवा आहे? दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. नोंद फक्त अंतराच्या निकषाखाली झाली असेल, तर क्रमांक उगाचच खूप खाली दिसतो आणि एका ईमेलनं ती दुरुस्त होऊ शकते. काही काउन्सिल नाव आपोआप यादीत घालतात, काही ठिकाणी मागावं लागतं, हेही त्याच फोनवर विचारावं.

यादी हलते ती प्रामुख्यानं तीन वेळा: जागा स्वीकारण्याची मुदत संपल्यावर, उन्हाळ्यात कुटुंबं घरं बदलतात तेव्हा, आणि सप्टेंबरच्या पहिल्या दिवसांत, एखादं मूल शाळेत आलंच नाही तर. या दिवसांत फोन आणि ईमेलवर लक्ष ठेवावं. शाळेला ही यादी निदान ३१ डिसेंबरपर्यंत ठेवावी लागते. त्यानंतर ती पुढे चालू राहणार का, आणि नाव पुन्हा नोंदवावं लागेल का, ते विचारून घ्यावं.

आठवा टप्पा: अपील

जागा नाकारली गेली तर स्वतंत्र समितीपुढे दाद मागण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे. निर्णय कळवल्यापासून निदान २० शालेय दिवसांची मुदत मिळते. हा हक्क वापरण्याआधी तो कुठे चालतो हे समजून घ्यावं.

१९९८ च्या शिक्षण कायद्यानुसार रिसेप्शन, पहिली आणि दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० हून अधिक मुलं ठेवता येत नाहीत. अपवाद फार थोडे आहेत. जुळ्यांपैकी एकाला शेवटची जागा मिळाली असेल तर दुसऱ्याला घेता येतं. वेगवेगळ्या वयाच्या भावंडांसाठी मात्र असा अपवाद नाही.

वर्ग ३० चा असेल तर समितीला मोजक्याच गोष्टी तपासता येतात. प्रवेशाचे नियम कायद्याला धरून होते का, ते बरोबर लावले गेले का, आणि निर्णय कुठल्याही समंजस अधिकाऱ्यानं घेतला नसता इतका अवाजवी होता का. दोन शाळांची धावपळ, नोकरीच्या वेळा, आजी-आजोबांची प्रकृती ही दुःखं खरी असतात, पण तेवढ्यावर अशा अपिलात जागा मिळणं फार कठीण.

आपण भावंडाची माहिती दिली होती आणि तरी ती धरली गेली नाही, याचा पुरावा हाती असेल तर अपील जरूर करावं. तिसरीपासून पुढच्या वर्गांसाठी अपील असेल, तर समिती शाळेची अडचण आणि मुलाची गरज दोन्ही तोलून पाहते. तिथे कौटुंबिक कारणांना वजन मिळतं. वकील लागत नाही आणि निकाल साधारण पाच शालेय दिवसांत लेखी कळतो. अपील चालू असतानाही यादीतलं नाव तसंच ठेवावं.

नववा टप्पा: सप्टेंबर उजाडला तरी जागा नाही

काही महिने दोन शाळा सांभाळाव्या लागतील हे गृहीत धरून तयारी केलेली बरी. शाळा सुरू होण्याआधीचा ‘ब्रेकफास्ट क्लब’ आणि सुटल्यानंतरचा ‘आफ्टर स्कूल क्लब’ दोन्ही शाळांत आहे का, ते जूनमध्येच विचारावं. मुलाला घरून लवकर आणून सोडण्याची किंवा उशिरापर्यंत ठेवण्याची ही सोय असते, बरेचदा सशुल्क. तिच्या जागा लवकर भरतात.

मूल लहान असेल तर आणखी एक मोकळीक आहे. शाळेत जाणं कायद्यानं सक्तीचं होतं ते पाचव्या वाढदिवसानंतरच्या सत्रापासून. तोपर्यंत मिळालेल्या जागेवर अर्धवेळ जाता येतं किंवा सुरुवात त्याच शालेय वर्षात थोडी पुढे ढकलता येते. पण ही जागा शेवटच्या सत्राच्या सुरुवातीपलीकडे राखून ठेवली जात नाही, म्हणून ढकलण्याआधी शाळेकडून लेखी खात्री करून घ्यावी.

वर्ष सुरू झाल्यानंतरच्या अर्जाला ‘इन-इयर’ अर्ज म्हणतात, म्हणजे वर्षाच्या मध्ये केलेला. तो काही ठिकाणी काउन्सिलकडे, तर काही ठिकाणी थेट शाळेकडे जातो. त्याचं उत्तर १५ शालेय दिवसांच्या आत द्यावं लागतं. इथेही भावंडाचा निकष त्या शाळेच्या नियमांप्रमाणे लागतो.

दोघांना एकाच दुसऱ्या शाळेत हलवण्याचा विचारही मनात येईल. घाई करू नये. थोरल्याची जागा एकदा सोडली की परत मिळेलच असं नाही, आणि धाकट्याचा भावंड म्हणून असलेला क्रमही तिच्याबरोबर जातो. निदान डिसेंबरपर्यंत यादीची हालचाल पाहावी, मग ठरवावं.

पुढच्या तारखा

रिसेप्शन मिळालं म्हणजे पुढचं सगळं आपोआप होतं, असं नाही. शाळा फक्त दुसरीपर्यंतची असेल, तर तिसरीसाठी ज्युनिअर शाळेत वेगळा अर्ज लागतो, तोही १५ जानेवारीपर्यंत. माध्यमिक शाळेसाठी सहावीच्या वर्षी ३१ ऑक्टोबरपर्यंत अर्ज करावा लागतो. प्रत्येक मुलाचा, प्रत्येक वेळी नवा.

१५ जानेवारी आपल्या लोकांना विशेष अडचणीची, कारण डिसेंबरच्या सुट्टीत घरोघरी भारताची वारी असते. लग्नं, मुंजी, नातेवाइकांच्या भेटी उरकून परत येईपर्यंत तारीख उंबरठ्यावर आलेली असते. बहुतेक काउन्सिलचे अर्ज शरद ऋतूतच खुले होतात. तेव्हा दसरा-दिवाळीच्या दिवसांतच अर्ज भरावा, पोचपावती जपून ठेवावी आणि मगच विमानाची तिकिटं काढावीत. गल्लीत एखादं मराठी कुटुंब नव्यानं राहायला आलं असेल, तर त्यांनाही हे आवर्जून सांगावं. नर्सरीत मूल असलेल्या घराला या एका तारखेची आठवण वेळेवर झाली, तर वर लिहिलेल्या बहुतेक टप्प्यांची त्यांना गरजच पडणार नाही.